कुठल्या सॉफ्टवेअरचा ‘साउंड’ चांगला?

गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळातल्या काकूंचे तीन अभंग मी घरी रेकॉर्ड केले आणि शेवटचा हात फिरवायला एका स्टुडिओत नेले. तिथल्या रेकॉर्डिस्टने फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतल्या, प्ले दाबलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बघा, घरच्यापेक्षा आवाज भारदस्त झाला की नाही? सॉफ्टवेअरचा फरक असतो दादा.” मी कान देऊन ऐकलं. खरंच भारदस्त वाटत होता. काकूंचा गळा जरा रुंद, जरा वजनदार, टाळांची किणकिण कमी बोचरी. मी मान डोलावली, आणि घरी येताना तेच सॉफ्टवेअर घ्यायचं तर किती पैसे जमवावे लागतील याचा हिशेब रिक्षातच करून टाकला.

तो भारदस्तपणा कशामुळे आला हे दोन दिवसांनी कळलं. ते पुढे सांगतोच, पण त्याआधी थोडं गणित करावं लागेल.

गणपती दोन महिन्यांवर आले की मला असे फोन यायला लागतात. कुणाला मंडळासाठी आरत्या रेकॉर्ड करायच्या असतात, कुणाच्या भाच्याला बीट बनवायचे असतात, कुणी यूट्यूबवर कथा वाचत असतं. प्रश्न मात्र ठरलेला: “कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? ज्याचा साउंड चांगला येतो ते सांग.” या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण एका वाक्यात कुणाला पटत नाही. म्हणून हा लेख.

## हे सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय?

याचं पूर्ण नाव डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. आद्याक्षरं जोडून लोक त्याला ‘डॉ’ म्हणतात. मराठीत त्यापुढे टिंब पडलं की समोरचा डॉक्टर होतो, म्हणून मी आपलं सरळ ‘सॉफ्टवेअर’ म्हणतो.

पूर्वी स्टुडिओत एक मोठं टेप मशीन असायचं, समोर शेकडो बटणांचा मिक्सर, बाजूला घुमारा आणि प्रतिध्वनी देणारी यंत्रं, आणि चुकलेला तुकडा काढायला चक्क ब्लेड. टेप कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. हा सगळा संसार कॉम्प्युटरच्या एका खिडकीत आणला, की झालं आपलं सॉफ्टवेअर. क्यूबेस १९८९ साली अटारी कॉम्प्युटरवर आलं, प्रो टूल्स १९९१ साली, फ्रूटीलूप्स नावाने एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये, एबलटन लाइव्ह २००१ मध्ये. लॉजिक मूळचं जर्मन. २००२ साली ॲपलने ती कंपनीच विकत घेतली आणि विंडोजवाल्यांसाठी त्याचे दरवाजे बंद झाले. रीपर हे विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं. ज्यांनी कॉलेजात विनॅम्पवर गाणी ऐकली त्यांना हे वाचून बरं वाटेल.

## आवाजाचे आकडे कसे होतात?

माइकमधून येणारा आवाज म्हणजे विजेचा चढउतार. कॉम्प्युटरला चढउतार कळत नाही, आकडे कळतात. म्हणून मधे ऑडिओ इंटरफेस नावाचा डबा बसतो. तो सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा ४८,००० वेळा त्या चढउताराची उंची मोजतो आणि तेवढे आकडे आत पाठवतो. याला सँपल रेट म्हणतात. सीडीसाठी ४४,१०० ठरले, सिनेमा-व्हिडिओसाठी ४८,०००. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, आणि तेवढं पकडायला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मोजणी पुरते.

प्रत्येक मोजणी किती बारीक, हे बिट ठरवतात. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा जिना. २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पायऱ्यांचा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. माइक, खोली, गळा, इंटरफेस, एवढं सगळं होऊन आकडे तयार झाले तरी सॉफ्टवेअर अजून कुठेच आलेलं नाही. त्याच्या हातात तयार आकड्यांची यादी पडते आणि ते ती जशीच्या तशी डिस्कवर ठेवतं. तुमचा आवाज पातळ आला असेल तर तो सॉफ्टवेअरच्या दारात पोचण्याआधीच पातळ झालेला असतो.

## मिक्सिंग म्हणजे शेवटी बेरीज

आता तीन ट्रॅक आहेत असं धरा: गळा, पखवाज आणि तानपुरा. एका क्षणी गळ्याचा आकडा आहे १२००, पखवाजाचा उणे ३००, तानपुऱ्याचा १५०. तिन्ही एकत्र वाजवायचे म्हणजे काय करायचं? बेरीज. उत्तर १०५०. पुढच्या क्षणी पुढची बेरीज. असं सेकंदाला ४४,१०० वेळा. फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायचा दांडा, खाली ओढला तर बेरजेआधी त्या आकड्याला गुणायचं, म्हणजे निम्मा करायचा असेल तर ०.५ ने. म्यूट केलं तर शून्याने.

आता सांगा, या बेरजेचं उत्तर महाग सॉफ्टवेअरमध्ये १०५० आणि स्वस्तात १०४० कसं येईल? किराणावाल्याच्या कॅल्क्युलेटरवर आणि बँकेतल्या कॅल्क्युलेटरवर १२ गुणिले १५ चे १८०च होतात.

इथे जाणकार हात वर करतात: दशांशाचं काय? मान्य, गुणाकार केला की शेपूट येतं आणि ते कुठेतरी कापावं लागतं. आजची जवळपास सगळी सॉफ्टवेअर आत ३२ किंवा ६४ बिटांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ पद्धतीने हिशेब ठेवतात. म्हणजे आकडा कितीही मोठा किंवा छोटा झाला तरी दशांशचिन्ह सरकतं आणि अचूकता टिकते. त्यातली कापाकापी मूळ आवाजाच्या इतकी खाली असते, की ती ऐकायची तर मूळ आवाज कानाचे पडदे फाटेपर्यंत वाढवावा लागेल. एका सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत ३२ आणि दुसऱ्याच्या ६४ लिहिलेलं असतं, त्याचा गणिताला थोडा उपयोग आहे. कानाला नाही.

## जमा-खर्चाची चाचणी

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी करून बघता येतं. याला ‘नल टेस्ट’ म्हणतात. तत्त्व आपल्या रोजच्या वहीतलं: एका बाजूला जेवढी रक्कम जमा, दुसऱ्या बाजूला तेवढीच खर्च, तर शिल्लक शून्य. एक पैसा जरी इकडेतिकडे झाला तरी तो शिल्लक म्हणून दिसतो.

आवाजाचंही तसंच. तेच तीन ट्रॅक दोन सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, कुठलाही इफेक्ट लावायचा नाही, फेडर शून्य डेसिबलवर, म्हणजे आवाज ना वाढवलेला ना कमी केलेला, आणि दोन्हीकडून एकेक वेव्ह फाईल बाहेर काढायची. मग त्या दोन्ही फायली कुठल्याही एका सॉफ्टवेअरमध्ये शेजारी ठेवायच्या आणि एकीची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे अधिकचे उणे आणि उण्याचे अधिक. प्रोग्रॅममध्ये यासाठी सोय असते, बऱ्याच ठिकाणी गोलावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह. प्ले दाबा. दोन्ही फायली सारख्या असतील तर काहीही ऐकू येणार नाही.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शांतता झाली नाही. काकू स्वच्छ गात होत्या, फक्त नेहमीपेक्षा साधारण ११ डेसिबलने हळू. दहा मिनिटं मला वाटलं, लोक म्हणतात ते खरंच की! मग दोन्हीकडची सेटिंग उघडली. एका सॉफ्टवेअरमध्ये मधोमध ठेवलेला मोनो आवाज आपोआप ३ डेसिबलने खाली जात होता, दुसऱ्यात जात नव्हता. ते सेटिंग सारखं केलं, पुन्हा फायली काढल्या, पुन्हा प्ले दाबलं. मीटर तळाला. आवाज पूर्ण वाढवला तर स्पीकरची स्वतःची सूं सूं आणि खालच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू आला, म्हणजे चटणीचा.

त्या ३ डेसिबलला ‘पॅन लॉ’ म्हणतात. एकच आवाज डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरमधून आला की मधे बसलेल्याला तो मोठा लागतो, जसा खोलीच्या मधोमध बसलेल्याला दोन्ही खिडक्यांचा उजेड मिळतो. म्हणून मधला आवाज थोडा दाबायचा रिवाज आहे. कुणी ३ डेसिबल दाबतो, कुणी ४.५, कुणी ६, कुणी अजिबात नाही. हा आवडीचा मामला आहे आणि जवळपास सगळीकडे बदलता येतो. पण ज्याला हे ठाऊक नाही तो तीच फाईल दोन ठिकाणी उघडतो, एकीकडे गळा पुढे आलेला ऐकतो आणि जगाला सांगत सुटतो.

## मग हा समज आला कुठून?

धूर होता म्हणजे कधीतरी आगही होती. टेप आणि मोठ्या मिक्सरच्या जमान्यात यंत्रागणिक आवाज खरोखर बदलायचा. प्रत्येक मिक्सरमधले ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक टेपची कमाल मर्यादा, शेजारच्या ट्रॅकचा थोडासा पाझर, सगळ्याचा रंग चढायचा. नीव्ह कंपनीचा मिक्सर आणि एसएसएल कंपनीचा मिक्सर यांच्या आवाजात फरक आहे असं म्हणणारे लोक खोटं बोलत नव्हते.

सुरुवातीच्या डिजिटल काळातही फरक होते. नव्वदच्या दशकात प्रो टूल्सची मोठी यंत्रणा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर नाही, तर वेगळ्या कार्डांवरच्या चिपांवर हिशेब करायची, आणि तोही पूर्णांकांत. बेरजेला ४८ बिटांची ऐसपैस जागा होती, पण आवाज एका इफेक्टकडून दुसऱ्याकडे जाताना २४ बिटांच्या नळीतून जायचा. वरच्या पायरीच्या पलीकडे गेला की डोकं कापलं जायचं. जपून काम करणाऱ्याला काही व्हायचं नाही, बेफिकीर माणसाचं मिक्स मात्र करकरायचं. त्याच कंपनीच्या स्वस्त आवृत्तीत आणखी एक खोट होती: इफेक्ट लावल्यावर त्या ट्रॅकला जो सूक्ष्म उशीर होतो तो आपोआप भरून निघत नसे. एकाच ढोलकीवर दोन माइक, एकावर इफेक्ट, दुसऱ्यावर नाही, आणि दोन्ही एकत्र ऐकले की ढोलकी पोकळ. ही सोय तिथे २०१० च्या नवव्या आवृत्तीत आली. आज ती सगळीकडे आहे. सॉफ्टवेअर सुधारली, समज तिथेच राहिला.

## “पण मी माझ्या कानांनी ऐकलंय!”

ऐकलं असणारच. कान खोटं बोलत नाहीत, पण ते भाबडे असतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं, की आवाज लहान असताना आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज मोठा केला की तोच खर्ज भरून येतो. म्हणजे तेच गाणं एक डेसिबलने मोठं वाजवलं तर आपल्याला ते ‘मोठं’ वाटत नाही, ‘भरीव’ वाटतं. हार्मोनियमच्या दुकानात विक्रेता भाता जरा जोरात मारतो तो उगीच नाही.

त्यात डोळे असतात. गडद राखाडी रंगाची देखणी खिडकी, हलणाऱ्या काट्यांचे मीटर, लाकडी कडा असलेली चित्रं. आणि खिशातून गेलेले पैसे तर सगळ्यात मोठे समीक्षक. दोन फायलींची पातळी तंतोतंत जुळवा, नावं झाका, दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा आणि मग ओळखा.

## फरक खरोखर पडतो त्या जागा

आता उलटी बाजू, कारण ‘सगळं सारखंच’ म्हणणारेही अर्धवटच सांगतात. बेरीज सारखी असली तरी सॉफ्टवेअर फक्त बेरीज करत नाही.

आवाज ताणणं घ्या. स्वर न बदलता लय कमी-जास्त करायची असेल तर सॉफ्टवेअरला मधले आकडे स्वतःच्या मनाने घडवावे लागतात. इथे प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि फरक साध्या कानालाही कळतो: तबल्याची ‘ना’ दुहेरी होते, गळ्यात पाण्याचा खळखळाट येतो. एबलटन लाइव्हचा आवाज खराब आहे ही जुनी तक्रार बऱ्याच अंशी इथलीच. त्यात लांब फाईल आत घेतली की ती आपोआप ‘वॉर्प’ करण्याचा, म्हणजे लयीला बांधण्याचा पर्याय असतो, आणि तो चालू आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही. वॉर्प बंद केलं की तक्रार संपते. खुद्द एबलटनने आपल्या मार्गदर्शिकेत कुठल्या कृतीने आवाजाला धक्का लागत नाही आणि कुठल्या कृतीने लागतो, हे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. इतरांनीही लिहावं.

सोबत मिळणारे इफेक्ट हा दुसरा फरक. इफेक्ट किंवा वाद्य म्हणून सॉफ्टवेअरच्या आत बसवायच्या छोट्या प्रोग्रॅमला प्लगइन म्हणतात. लॉजिकसोबत वाद्यांचं आणि इफेक्टचं भरलेलं कपाट येतं. रीपरचे इफेक्ट काम चोख करतात, पण दिसायला सरकारी फॉर्मसारखे, आणि वाद्यं जवळजवळ नाहीतच. पण बाहेरचं प्लगइन दोन्हीकडे बसवलं तर ते दोन्हीकडे तसंच वाजतं.

काही सॉफ्टवेअर मुद्दाम रंग चढवतात. हॅरिसन ही मिक्सर बनवणारी कंपनी, तिच्या मिक्सबसमध्ये टेपसारखा सौम्य रंग आवाजाच्या वाटेतच ठेवलेला आहे. तिथे नल टेस्ट शून्य येणार नाही, आणि येऊही नये. ती आमटीला दिलेली फोडणी आहे. कुणी दिली, का दिली ते डब्यावर लिहिलेलं आहे.

आणि राहिला सँपल रेट. काकूंचे अभंग मी घरी ४८,००० वर रेकॉर्ड केले होते. स्टुडिओतला प्रोजेक्ट होता ४४,१०० चा, आणि फायली आत घेताना रूपांतर करण्याची खूण काढलेली होती. म्हणजे माझ्या एका सेकंदाचे ४८,००० आकडे तिथे सेकंदाला ४४,१०० च्या वेगाने वाचले जात होते. सगळे ट्रॅक सारखेच मागे पडले, त्यामुळे आपापसात कुठे बिघडलं नाही. चार मिनिटांचा अभंग ४ मिनिटं २१ सेकंदांचा झाला आणि स्वर जवळपास पेटीच्या दीड पट्टीने उतरला. गळा उतरला की भारदस्त वाटणारच! रेकॉर्डिस्टला कळलं नाही, मलाही नाही. कळलं काकूंना. त्यांनी घरी पेटी काढली, ट्रॅक लावला आणि मला फोन केला: “अरे, मी काळी पाचला गाते. हे ना काळी चारला जुळतंय, ना पांढरी सहाला. तू मला कुठे नेऊन बसवलंयस?”

अगदी बरोबर त्या दोन पट्ट्यांच्या मधे.

## मग मोठे स्टुडिओ प्रो टूल्सच का वापरतात?

ज्या कारणाने सगळी कोर्टं ठरावीक मापाचा कागद वापरतात, त्याच कारणाने. सिनेमाचं काम दहा हातांतून जातं: गाणं एका शहरात, डबिंग दुसऱ्या स्टुडिओत, पार्श्वसंगीत तिसरीकडे, अंतिम मिक्स चौथीकडे. सगळ्यांकडे एकच सॉफ्टवेअर असेल तर प्रोजेक्ट उघडतो, नाहीतर दिवस जातो. शिवाय हजारो रेकॉर्डिस्टांची बोटं त्याच शॉर्टकटवर घडली आहेत. डबिंगसाठी आणि चित्राशी आवाज जुळवण्यासाठी क्यूबेसवाल्या स्टाइनबर्ग कंपनीचं नुएंडोही मुरलेलं आहे. यात आवाजाच्या दर्जाचा संबंध येत नाही, व्यवहाराचा येतो. तुम्हाला पुढे अशा स्टुडिओत नोकरी करायची असेल तर प्रो टूल्स शिकाच. त्याची फुकट छोटी आवृत्ती मिळते, त्यात आठ ऑडिओ ट्रॅक बसतात. पण सोसायटीच्या आरतीसाठी ते शिकायला बसलात तर विसर्जन होऊन जाईल.

## कामाची पद्धत: इथे निवड करा

माझं स्पष्ट मत असं, की सॉफ्टवेअरचा आवाजावर परिणाम होतो, पण आकड्यांतून होत नाही. तो तुमच्या हातातून आणि समोरच्या गायकाच्या धीरातून होतो.

काकू पहिल्या टेकला घाबरलेल्या असतात, दुसऱ्याला शब्द विसरतात, तिसऱ्याला लागतात. तिसरा आणि चौथा टेक यांच्या मधे मी जर दोन मिनिटं मेनू शोधत बसलो, तर त्या पाणी पितात, मोबाइल बघतात, सुनेला कुकर लावायला सांगतात आणि तो लागलेला सूर निघून जातो. जे सॉफ्टवेअर मला पाच सेकंदांत पुढचा टेक घेऊ देतं, त्याचा आवाज माझ्यापुरता चांगला. म्हणून आधी स्वतःला विचारा, माझं बहुतेक काम कुठलं?

माणसं गाणार-वाजवणार असतील तर पाच-सहा टेकमधून चांगल्या ओळी निवडून एक सलग गाणं जोडावं लागतं. याला कॉम्पिंग म्हणतात. लॉजिकमध्ये टेकच्या थप्पीवर नुसता माउस फिरवून ओळी निवडता येतात, आणि हे काम करावं तर तिथेच असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. २०२३ मध्ये रीपरच्या सातव्या आवृत्तीत तशीच सोय आली, तेव्हापासून माझा मॅकचा हट्ट सुटला. क्यूबेस, प्रो टूल्स, स्टुडिओ वन यांतही हे उत्तम जमतं.

बीट बनवायचे असतील तर गोष्ट वेगळी. एफएल स्टुडिओत सुरुवात चौकटींच्या रांगेपासून होते: सोळा खाने, जिथे ठोका हवा तो खाना पेटवा, फिरवत राहा. असे तुकडे करून मग ते विटांसारखे मांडायचे. माझ्या भाच्याने कुणालाही न विचारता एका रविवारी त्यात नाशिक ढोलचा ठेका बसवला. मला त्याच ठेक्याला क्यूबेसमध्ये दुप्पट वेळ लागला असता. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट, हाही फायदा. पण त्याच एफएलमध्ये काकूंचे सहा टेक घेऊन ओळी जोडायला बसलो, तर आम्ही दोघंही रडू.

रंगमंचावर वाजवायचं असेल तर एबलटन लाइव्ह. त्यात तुकड्यांची एक जाळी असते; कुठलाही तुकडा कधीही दाबा, तो पुढच्या मात्रेवर लयीत येऊन उभा राहतो. कथावाचन, मुलाखती, पॉडकास्ट करणाऱ्यांनी यातलं काही नको म्हणून रीपर घ्यावं किंवा फुकटच्या ऑडॅसिटीवर भागवावं. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि घरगुती किंवा छोट्या कामासाठी त्याचा परवाना ६० डॉलरला आहे. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच तुमच्या खिशात आहे.

आणि हो, “हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो” ही तक्रार सॉफ्टवेअर बदलून जात नाही. गिरणीवाल्याचा विचार करा. तो प्रत्येक मूठभर गव्हाला जातं चालू-बंद करत नाही, डबा भरला की दळतो. कॉम्प्युटरही आकड्यांचा डबा भरला की हिशेब करतो; त्या डब्याला बफर म्हणतात. १०२४ आकड्यांचा डबा भरायला साधारण २३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तबलजी तुमच्यापासून आठ मीटरवर बसल्यासारखं वाटतं. १२८ चा डबा ठेवला तर ३ मिलिसेकंद, एका मीटरवर. रेकॉर्ड करताना डबा लहान ठेवा, मिक्स करताना मोठा. कॉम्प्युटर दमून कटकट करायला लागला तर बहुतेक इंटरफेसवरच डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं, ते दाबा; मग आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो.

## आपल्या संगीताला चौकटी बोचतात

ही सगळी सॉफ्टवेअर चार मात्रांच्या पाश्चात्य घरात जन्मली. उघडलं की समोर चार-चारच्या रेघा आणि डोक्यावर मिनिटाला १२० चा ठोका. रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा बसवता येतात, ताल-चिन्ह बदललं की झालं. खरी अडचण आलापाची, ज्याला रेघच नाही. आणि अभंगाची, ज्यात गजर सुरू झाला की लय चढते आणि ती चढायलाच हवी. अशा वेळी गायकाला क्लिकला, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्याला, बांधू नका. आधी मोकळं गाऊ द्या, मग सॉफ्टवेअरला गाण्यामागे चालायला लावा. लॉजिकमधला स्मार्ट टेम्पो आणि क्यूबेसमधला टेम्पो डिटेक्शन हेच करतात: वाजलेल्यावरून लय ओळखतात आणि रेघा त्यानुसार सरकवतात. टाळ स्पष्ट असतील तर चांगलं जमतं. नसतील तर हाताने ठोके द्यावे लागतात.

सूर सुधारणारी साधनं वापरताना तर हात आखडताच ठेवा. ती स्वराला पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर ओढतात. दरबारीतला गंधार पट्टीवर बसत नाही, तो आंदोलत राहतो; यंत्राला ते आंदोलन चूक वाटतं. मींड घेतली की ते तिच्या पायऱ्या करतं. क्यूबेसचं व्हॅरिऑडिओ, लॉजिकचं फ्लेक्स पिच किंवा वेगळं विकत मिळणारं मेलोडाइन यांत एकच घसरलेला स्वर हाताने धरून हलवता येतो, तेवढंच करावं. सगळ्या गाण्यावर ऑटो लावलेला अभंग मी ऐकला आहे. विठ्ठल स्वतः कंबरेवरचे हात काढून कानावर ठेवील.

## दुसऱ्याकडे देताना

एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात सहसा उघडत नाही. बिटविग आणि स्टुडिओ वन या सॉफ्टवेअरवाल्यांनी मिळून २०२३ मध्ये डीएडब्ल्यू-प्रोजेक्ट नावाचा सामाईक नमुना काढला आहे, पण तो अजून सगळ्यांनी घेतलेला नाही. त्यामुळे खात्रीचा मार्ग जुनाच: प्रत्येक ट्रॅकची एकेक वेव्ह फाईल काढायची, २४ बिटांची, आणि सगळ्या फायली गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू करायच्या, मग झांज तिसऱ्या मिनिटाला का वाजेना. समोरच्याने त्या एका रेघेवर ठेवल्या की गाणं उभं राहतं. नावं ‘ऑडिओ ०७ नवीन फायनल’ अशी ठेवू नयेत, ‘पखवाज डावा माइक’ अशी ठेवावीत.

काकूंच्या त्या फोननंतर मी प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाईलही टाकतो. पहिली ओळ: ४८०००. दुसरी ओळ: काळी पाच.